माळ्यावरची पुडी

गेल्या आडसाली लावणीच्या हंगामात भोगावतीकाठच्या एका गावी जेवायला गेलो होतो. गाव कोणते, घर कोणाचे, हे सांगायचे कारण नाही. बँकेत शेती अधिकारी म्हणून काम करत होतो तेव्हापासूनचे हे घर. घरधनी आण्णा आता पंचाहत्तरीला आलेत. कर्जाची फाईल कधीच बंद झाली, मी निवृत्त झालो, आमच्या दोघांच्याही डोक्यावरचे केस गेले. पण वर्षातून एकदा भाकरी, पिठले आणि दही खायला या, हे बोलावणे मात्र चुकले नाही.

त्या दिवशी घरात धूळ उडत होती. परड्यातले जुने कौलारू खोपट पाडून तिथे स्लॅब टाकायचा होता, म्हणून माळ्यावरचे सामान खाली काढत होते. गंजलेले कोयते, बैलांच्या घुंगरमाळा, काहिलीतला रस ढवळायचे फावडे, तळाला भोक पडलेली घागर. (बैल जाऊन वीस वर्षे झाली, पण घुंगरमाळा टाकवत नाहीत. त्या मी मागून घेतल्या असत्या तर दिल्या असत्या, पण मागवले नाही.) या पसाऱ्यात डालड्याचा एक जुना डबा होता. सूनबाईंनी झाकण उचकटले, आत डोकावल्या आणि डबा हात लांब करून धरत माझ्याकडे आल्या.

“काका, ह्याचं काय करायचं? आत्ती म्हणत्यात ओढ्यात टाक. मला भ्या वाटतंय.”

डब्यात चार पुड्या होत्या. दोन फुटलेल्या, दोन शाबूत. कागद पिवळा पडला होता, पण नाव वाचता येत होते : एमिसान. आण्णा कॉटवर पडल्या पडल्याच म्हणाले, “साहेब, ह्या तुमच्याच पुड्या न्हवं का.”

आण्णांनी हे हसत म्हटले. मला मात्र जेवण नीट गेले नाही.

१९८६ साली मी या भागात नवा अधिकारी म्हणून आलो. खिशाला पेन, पायात शहरी बूट, डोक्यात शेतीविषयीचे पुस्तकी ज्ञान. पीककर्जाचा अर्ज भरताना एक रकाना असे : बेणेप्रक्रिया. कर्जाचा काही भाग रोख आणि काही भाग खत-औषधाच्या रूपाने द्यायची पद्धत होती, त्यामुळे लावणीआधी शेतकऱ्याने बेण्याला औषध लावले की नाही हे पाहणे आमच्या कामातच येई. शेतकरी कुरकुरत. “आमच्या बापानं कधी लावलं नव्हतं,” म्हणत. मी त्यांना उगवणीचे गणित समजावून सांगे. एकरी अडीच-तीन टन बेणे मातीत घालायचे आणि शंभर ग्रॅमच्या पुडीसाठी हात आखडायचा, हा कुठला हिशोब? बँकेच्या माणसाला हिशोबाने बोलायची सवय असते आणि ऐकणाऱ्याला तो खोडता येत नाही. आण्णांनाही तो खोडता आला नाही.

पहिल्या वर्षीची त्यांची लावण मी स्वतः बांधावर उभा राहून पाहिली. पाण्याने भरलेले पिंप, त्यात काठीने ढवळलेली पुडी. पुरुषमाणसे कोयत्याने उसाच्या दोन डोळ्यांच्या कांड्या तोडत होती. बायका त्या कांड्या पोत्यात भरून पिंपात बुडवत, पाच-दहा मिनिटांनी काढत आणि पाटीत घेऊन सरीत मांडत. कोपरापर्यंत हात ओले. उसाच्या पात्याने कापलेली बोटे, त्यावर चिंधी. मध्येच कुणी पदराने तोंड पुसे, कुणी तंबाखूची चिमूट दाढेला धरी. आण्णांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला दोन प्रश्न विचारले होते. पहिला : “साहेब, ह्यानं हाताला काय व्हतंय का?” मी म्हणालो, साबणाने हात धुवा म्हणजे झाले. दुसरा प्रश्न संध्याकाळचा. लावण उरकली होती आणि अर्धे पोते भिजवलेल्या कांड्या उरल्या होत्या. “म्हशीला घालू का?” मी म्हणालो, स्वच्छ धुऊन घाला.

या उत्तराकडे मी पुन्हा येणार आहे.

ते औषध निरुपयोगी होते असे कुणी समजू नये. उसाचे बेणे म्हणजे ज्वारीसारखा टणक दाणा नव्हे. ती एक कापलेली कांडी असते, दोन्ही तोंडे उघडी आणि आत साखर. अशी गोड, ओली, उघडी जखम मातीत पुरायची म्हणजे बुरशीला आमंत्रणच. कोल्हापूरच्या काळ्या जमिनीत, पावसाच्या तोंडावर, वाफसा नसताना लावण झाली की कांडी आतून कुजते. अशी कांडी उपटून उभी चिरली तर आतला गर आधी तांबडा, मग काळा पडलेला दिसतो आणि नाकाला चक्क पिकलेल्या अननसाचा वास येतो. म्हणून त्या रोगाला अननस रोग म्हणतात. वास इतका छान असतो की पहिल्यांदा घेणाऱ्याला त्यात काही वाईट असेल असे वाटत नाही. डोळा फुटायच्या आत कांडी पोकळ होते, सरीत नांग्या पडतात आणि मग महिनाभराने शेतकरी पदरमोड करून नांग्या भरत बसतो. नांग्या भरलेला ऊस मूळ उसाच्या बरोबरीने कधीच येत नाही, हे कुठलाही शेतकरी सांगेल.

या बुरशीवर पाऱ्याचे औषध रामबाण होते. एमिसानच्या आधी ॲगॅलॉल, ॲरेटान ही नावे होती. सगळ्यांच्या पोटात पाराच. पाऱ्याच्या सेंद्रिय संयुगांनी बियाणे धुवायची कल्पना जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ च्या सुमारास बाजारात आली आणि पुढे जगभर पसरली. एमिसानच्या नावापुढे ६ हा आकडा असे, तो टक्क्यांचा. म्हणजे शंभर ग्रॅमच्या पुडीत सहा ग्रॅम. वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, आपल्या घरातल्या जुन्या काचेच्या तापमापकात साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो फुटला की आपण मुलांना खोलीबाहेर काढतो. इथे त्याहून कितीतरी पट पारा एका पिंपात ढवळला जाई आणि त्यात आमच्या बायाबापड्या कोपरापर्यंत हात घालत.

दोन्ही पारे एकच नव्हेत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पाऱ्याच्या संयुगांत जाती आहेत. सर्वांत भयंकर ते मिथिल पारा. जपानमधल्या मिनामाताच्या खाडीत एका रासायनिक कारखान्याने सोडलेल्या सांडपाण्यातून हा मिथिल पारा माशांत गेला, माशांतून मांजरांत आणि माणसांत. १९५६ च्या मे महिन्यात त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. हातपाय थरथरणे, नजर आकुंचणे, बोलणे अडखळणे, आणि धडधाकट आयांच्या पोटी जन्मतः अपंग मुले. एमिसानमधले संयुग त्या मानाने सौम्य जातीतले. ते शरीरात गेले तर मुख्यतः मूत्रपिंडाला धक्का देते. पण पारा हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जिरत नाही, संपत नाही. पिंपातले उरलेले पाणी बांधावर ओतले, तिथून ते ओढ्याला गेले, ओढ्याच्या गाळात बसले, की तिथले जिवाणू त्याच साध्या पाऱ्याचे मिथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात. पुडी सौम्य होती, पण तिने टाकलेला पारा पुढे कुठले रूप घेईल ते पुडीच्या हाती नव्हते.

आता इराकची गोष्ट. ती मी प्रथम वाचली ती नोकरीच्या अखेरच्या वर्षांत, एका परदेशी मासिकात, बदलीच्या गावच्या एकट्या खोलीवर. वाचून झाल्यावर बराच वेळ दिवा मालवला नाही.

१९७१ साली इराकमध्ये दुष्काळानंतर सरकारने मेक्सिकोतून आणि अमेरिकेतून गव्हाचे आणि बार्लीचे बियाणे आणले. त्याला मिथिल पाऱ्याचे औषध चोळलेले होते आणि ओळखू यावे म्हणून रंग दिलेला होता. पोत्यांवर धोक्याची सूचना होती, पण स्पॅनिश आणि इंग्रजी भाषेत. कवटीचे चित्र होते. पण त्या खेड्यांतल्या माणसांना कवटी म्हणजे विष हा संकेतच ठाऊक नव्हता. बियाणे अनेक ठिकाणी पेरणी उलटून गेल्यावर पोचले. घरात धान्य नाही आणि दारात गव्हाची पोती. लोकांनी गहू धुतला. रंग निघून गेला, तेव्हा विषही गेले असे त्यांना वाटले. काही सावध माणसांनी आधी कोंबड्यांना, जनावरांना घालून पाहिला. काही दिवस वाट पाहिली. जनावरांना काही झाले नाही. मग भाकऱ्या भाजल्या. मिथिल पाऱ्याचे विष आठवड्यांनी डोके वर काढते. त्या हिवाळ्यात सहा हजार पाचशेवर माणसे दवाखान्यांत दाखल झाली आणि दवाखान्यांत मेलेल्यांचीच नोंद ४५९ होती. जी दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत त्यांचा हिशोब वेगळा.

धुऊन घाला, असे मी वहिनींना सांगितले होते.

म्हशीला काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी तिने रोजच्याइतके दूध दिले आणि ते आम्ही चहात घेतले. पुढेही त्या घरात काही अघटित घडल्याचे मी पाहिले नाही. पण इराकातल्या माणसांनीही हेच पाहिले होते. औषध वेगळे होते म्हणून आम्ही सुटलो असू. माझ्या शहाणपणामुळे तर नक्कीच सुटलो नाही.

स्वीडनने शेतात मरून पडणारे पक्षी पाहून बियाण्याला लावायचे मिथिल पाऱ्याचे औषध १९६६ सालीच बंद केले. आपल्याकडे वेळ लागला. १७ जुलै २००१ रोजी केंद्र सरकारने पाऱ्याची दोन औषधे पूर्ण बंद केली आणि एमिसानमधले संयुग फक्त दोन कामांसाठी राखून ठेवले : बटाट्याचे बेणे आणि उसाचे बेणे. ऊसवाल्यांची गरज मोठी होती म्हणा किंवा त्यांचा आवाज मोठा होता म्हणा. पुढे २०१३ मध्ये डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. परदेशात बंद असलेली पण आपल्याकडे चालू असलेली ६६ कीडनाशके तिने तपासली. त्याच वर्षी ऑक्टोबरात जपानमध्ये पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याला मिनामाताचेच नाव दिले आहे. पाऱ्याची कीडनाशके २०२० पर्यंत थांबवायची, हे त्यातले एक कलम. भारताने जून २०१८ मध्ये या कराराला मान्यता दिली आणि ८ ऑगस्ट २०१८ रोजी अठरा कीडनाशकांच्या बंदीचा आदेश निघाला. त्यातली बारा तत्काळ बंद झाली. त्या बारांत मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइड, म्हणजे आमची एमिसानची पुडी होती.

ऑगस्टची आठ तारीख म्हणजे कोल्हापुरात आडसाली लावणीची ऐन घाई. दिल्लीत कागदावर सही होत होती तेव्हा इकडे पिंपे भरलेली असणार.

आपणच मागे पडलो असे मात्र नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्येही ऊस हेच पीक, अननस रोग हाच शत्रू आणि शर्टन नावाने हेच पाऱ्याचे औषध. तिथे लावण यंत्राने होते, कांड्यांवर औषध यंत्रातच पडते. इतका पुढारलेला देश, पण तिथे ते औषध २०२० साली बंद झाले, म्हणजे आपल्या दोन वर्षे नंतर. समोर जगप्रसिद्ध प्रवाळाचा समुद्र आणि मागे पाऱ्याने धुतलेला ऊस. तिथल्या शेतकऱ्यांनीही हाच प्रश्न विचारला असणार जो आमच्या शेतकऱ्यांनी विचारला : आता उगवण होणार कशी?

बंदीनंतरच्या पहिल्या दोन हंगामांत मी मुद्दाम या गावी, शेजारच्या गावी फिरलो. निवृत्त माणसाला वेळ असतो आणि माझ्यावर तर जुनी उधारी होती. ज्यांच्याकडे शिल्लक पुड्या होत्या त्यांनी त्या निमूटपणे वापरल्या. काहींनी शेती सेवा केंद्रात जाऊन “त्याच्याऐवजी काय ते द्या” म्हटले आणि दुकानदाराने जे दिले ते पिंपात घातले. काहींनी काहीच घातले नाही. आण्णा या तिसऱ्या गटातले. म्हणाले, “बंद केलंय म्हंजे वाईटच आसंल. आन् दुसरं चांगलं कशावरनं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या सखल वावरात त्या वर्षी नांग्या पडल्या. वरच्या माळाच्या तुकड्यात पडल्या नाहीत. कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीत ताजी कांडी औषधावाचूनही उगवते. मग इतकी वर्षे सरसकट सगळ्यांच्या अर्जात तो रकाना मी का भरत होतो, असे मनात आले.

त्याच्याऐवजी जे आले ते बहुतेक ठिकाणी कार्बेन्डाझिम. बाविस्टीन या नावाने घरोघर ठाऊक असलेले. हे नवे नव्हते. कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत ते आधीपासून होतेच : शंभर लिटर पाण्यात शंभर ग्रॅम, सोबत किडीसाठी मॅलॅथिऑन किंवा डायमेथोएट, आणि दहा-पंधरा मिनिटे कांड्या बुडवायच्या. कांड्या सावलीत सुकवून मग दुसरी अंघोळ : दहा किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू शंभर लिटर पाण्यात कालवून अर्धा तास. हा ॲसेटोबॅक्टर उसाच्या पेशींत राहून हवेतला नत्र ओढून घेतो. त्यामुळे नत्राचे खत निम्मे आणि स्फुरद पाव हिश्श्याने कमी लागते, असे विद्यापीठ सांगते. युरियाच्या पोत्यांची रांग लावलेल्या माणसाला ही गोष्ट औषधापेक्षा जास्त पटते.

पण क्रम चुकवायचा नाही. आधी रसायन, मग जिवाणू. एका शहाण्याने कष्ट वाचवायला दोन्ही एकाच पिंपात ओतले आणि पैसे देऊन आणलेल्या जिवंत वस्तूला तिथेच विष पाजले. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरणाऱ्यांचेही तेच. ती स्वतः बुरशी, तिला बुरशीनाशकाशेजारी कसे बसवणार? पूर्वी पुडी टाकून ढवळले की संपत होते. आता शेतकऱ्याला दोन पिंपे, दोन वेळा आणि कोण कोणाच्या जिवावर उठते याचे ज्ञान लागते.

खरा बदल मात्र पिंपाच्या बाहेर झाला. औषध गेल्यावर लोकांचे लक्ष बेण्यावर गेले. पूर्वी खोडव्याचे, आडवे पडलेले, बारा-चौदा महिन्यांचे, जे हाताला येईल ते बेणे तोडायचे आणि पुडीच्या भरवशावर मातीत ढकलायचे, अशी रीत होती. पुडी ही एक प्रकारची जामीनकी होती, आणि भक्कम जामीनदार असला की कर्जदार कसा बिघडतो हे बँकेतल्या माणसाला सांगायला नको. आता बेणे नऊ ते अकरा महिन्यांचेच हवे, बेण्याचा मळा वेगळा हवा, तोडल्यापासून एका दिवसात लावण व्हायला हवी, ही जुनीच पुस्तकी वाक्ये लोक गंभीरपणे बोलू लागले. काणीचा रोग बाहेरच्या औषधाने पूर्वीही हटत नव्हता. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडतो आणि त्याची काजळी वाऱ्यावर शिवारभर जाते. त्या चाबकावर आधी प्लास्टिकची पिशवी चढवायची, मग बेट मुळासकट उपटून जाळायचे. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये बेण्याला ५४ अंशांच्या दमट गरम हवेत काही तास ठेवून त्यापासून निरोगी मूलभूत बेणे तयार करतात. त्यातून पायाभूत आणि मग प्रमाणित, अशा तीन पायऱ्यांनी ते शेतकऱ्यापर्यंत येते. तिथे विष नाही, नुसती ऊब.

आणि रोपे. नदीकाठाच्या गावांतून आज फिरले तर हिरव्या जाळीच्या मांडवाखाली काळ्या ट्रे मांडलेल्या दिसतात. नारळाच्या भुश्यात एकेक डोळा पुरायचा, महिना-सव्वा महिन्याने वीतभर रोप सरीत लावायचे. पाच फुटांच्या सरीत दोन फुटांवर रोप धरले तर एकराला साडेचार हजारांच्या आत काम भागते. उगवण मांडवात होते, शेतात नव्हे. जे कुजायचे ते ट्रेमध्ये कुजते, नांगी पडायचा प्रश्न उरत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगा, भोगावती, कासारीकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला, त्यात बेण्याचे मळेही गेले. तेव्हा ज्यांनी उंचावर मांडव घातले होते त्यांच्याकडे रोपांसाठी लोकांनी खेपा घातल्या.

याला खर्च आहे, हे माझ्यातला बँकवाला विसरू देत नाही. घरचे बेणे फुकट वाटते, रोप रोख पैशाने आणावे लागते. दहा गुंठेवाल्याला ती रोकड सुचत नाही. आणि रोपवाटिकेतही कांडीचे तुकडे बुरशीनाशकात बुडवावेच लागतात. उलट एका डोळ्याच्या तुकड्याला दोन डोळ्यांच्या कांडीपेक्षा जखम जास्त. पूर्वी जे पिंप प्रत्येकाच्या बांधावर होते ते आता रोपवाटिकेत एका जागी आले, एवढेच. पण एका जागी आले म्हणून तिथे हातमोजे दिसतात, उरलेले पाणी कुठे जाते हे विचारता तरी येते.

शिवाय कार्बेन्डाझिम तरी किती दिवस? युरोपात २०१४ नंतर त्याला परवानगी राहिली नाही. त्याचे अंश सापडले म्हणून २०१२ च्या सुरुवातीला अमेरिकेने ब्राझीलच्या संत्र्याचा रस अडवला होता. निर्यातीची द्राक्षे पिकवणारे आपले तासगावकडचे बागाईतदार तर अशा अंशांच्या नावाने रात्री दचकून उठतात. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्राने आणखी २७ कीडनाशकांच्या बंदीचा मसुदा काढला, त्यात कार्बेन्डाझिम होते. पुढे २०२३ मध्ये अंतिम आदेश आला तेव्हा बंदीच्या यादीत ते नव्हते. मसुदा निघाला त्या उन्हाळ्यात आण्णांनी मला फोन केला होता. टाळेबंदी चालू होती, बोलायला दोघांनाही वेळच वेळ. “साहेब, आता हेबी बंद करत्यात म्हनं. मग आमी काय गोमूत्रात बुडवू?” मी म्हटले, तुम्ही रोपे लावा. तर म्हणाले, “सून तेच म्हनतीया.”

ती हीच सून. बारावी शास्त्र शाखा, माहेर शिरोळकडचे. तिने परड्यात चार गुंठ्यांचा मांडव घातला आहे. गावातल्या पाच-सहा बायका तिथे ट्रे भरतात, त्यांना ती हातमोज्यांशिवाय पिंपाजवळ येऊ देत नाही. सुरुवातीला बायका मोज्यांना हसल्या, घामाने हात चिकट होतात म्हणाल्या, काढून कनवटीला लावू लागल्या. तिने एकीची हजेरी कापली, तेव्हापासून मोजे हातात राहतात. मी चाळीस वर्षांत जे केले नाही ते या मुलीने एका हजेरीत केले. माझ्या कादंबऱ्यांतून शेतकरी पुष्कळ आले, त्यांची कर्जे आली, रोमण-राजकारण आले. ते पिंप एकाही कादंबरीत आले नाही. लिहिताना ते मला कधी दिसलेच नाही.

तर त्या चार पुड्या. ओढ्यात टाकायच्या नाहीत हे उघड होते. पुरायच्या नाहीत, कारण पारा मातीत मरत नाही. जाळायच्या तर मुळीच नाहीत, पाऱ्याची वाफ श्वासात जाते. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून, ते सांगतील तिथे आणि तसे द्यायच्या, असे ठरले. तोवर काय? सूनबाईंनी हातमोजे घालून पुड्या डब्यासकट एका जाड प्लास्टिकच्या बरणीत ठेवल्या, झाकण चिकटपट्टीने गुंडाळले. फुटलेल्या पुड्यांची सांडलेली भुकटी ओल्या कागदाने टिपून तो कागदही आत टाकला. मी खिशातले पेन काढून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले : विष. पारा आहे. उघडू नये. आणि बरणीवर चिकटवले.

वहिनी उंबऱ्यात बसून पाहत होत्या. हात गुडघ्यांवर ठेवलेले. मी ते हात पाहिले, म्हातारपणाचे हात जसे असतात तसे होते.

“ते लिवलं, ब्येस केलं,” त्या म्हणाल्या. “पर ज्येला वाचाया येत न्हाई त्येनं काय करायचं? मी हाय, गड्याची बायको हाय.”

मी दुसरा कागद घेतला आणि कवटी काढायचा प्रयत्न केला. खाली दोन हाडे. आण्णांच्या नातवाने खांद्यावरून डोकावून पाहिले आणि तो खो-खो हसला. “आजोबा, हा तर भोपळा झाला.”

वहिनींनी कागद हातात घेऊन लांब धरून निरखला. “भोपळाच दिसतुया,” म्हणाल्या. मग नातवाने माझ्या हातातले पेन घेतले आणि तो नवा कागद घेऊन जमिनीवर पालथा पडला.